पुरवणीपत्राचे बळ

आपल्याकडे जमीन विकली की खरेदीपत्र होते. पण विहिरीच्या पाण्याची पाळी पुष्कळदा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलेली असते. पुढे तंटा पेटतो तो बहुधा त्या चिठ्ठीवरून! ती करारातली की कराराबाहेरची? वैमानिकांच्या संघटनांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. तो कसा सुटला, ते पाहू.

कोल्हापूरचा विमानतळ १९३९ साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतल्या वैमानिक संघटनेने अमेरिकन एअरलाइन्सशी आपला पहिला करार केला. रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली झालेला कायदा तिकडे १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला होता. त्याच्याखाली करार मुदत संपली म्हणून मरत नाही. नवे ठरेपर्यंत जुन्या अटी चालतात. पण करार चालू असतानाच नवे विमान आले तर? १९५८ साली बोइंग ७०७ हे जेट विमान प्रवासी घेऊन उडू लागले. असे विमान आले की ते चालवायचे कोणी, वेतन किती, हे ठरवावे लागते. सबंध करार उसवण्यापेक्षा दोन्ही पक्ष एक पत्र करतात. त्यात मूळ कराराचा उल्लेख, अधिकार असलेल्यांच्या सह्या आणि ‘हा कराराचाच भाग समजावा’ असे कलम असते. मग शेपटालाही अंगाइतकेच बळ येते.

आपल्याकडची हकीकत थोडी निराळी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समझोता म्हणजे समेटाच्या सरकारी कामकाजात झालेला, तेवढाच. आपापसांत लिहिलेल्या कागदाला त्या कायद्याचे पाठबळ नव्हते. १९५६ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. ठरल्या रीतीने सह्या करून प्रत सरकारी अधिकाऱ्यांकडे धाडली, की तो कागदही समझोता ठरू लागला. भेद मात्र राहिला: असा समझोता करणाऱ्या पक्षांनाच बांधतो, समेटात झालेला उद्या नोकरीला लागणाऱ्यालाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, तरी तत्त्व तेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदाचे काय मोठे? एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एक झाल्या. दोन्हीकडचे वैमानिक आपापल्या सेवाशर्ती घेऊन एका छपराखाली आले. ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, हे वादाचे एक मोठे कारण झाले. मे २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डने पुकारलेला संप ५८ दिवस चालला. पाहा, पगाराच्या तक्त्याइतकेच महत्त्व या कडेच्या गोष्टींना असते.

तेव्हा कोणी म्हणाले, “हे मुख्य करारात नको, वेगळं लिहून देतो,” तर लगेच नाही म्हणू नका. पण विचारा: सही कोणाची? मूळ कराराशी दुवा कोणता? आणि प्रत कुठे पोहोचली? एवढे नीट असेल, तर विहिरीवरची चिठ्ठीही खरेदीपत्राशेजारी मानाने बसेल.