विस्तार की विस्तर?

पंचायत समितीच्या कार्यालयात ‘विस्तार अधिकारी (कृषी)’ अशी पाटी दिसते. विस्तार कशाचा, ते पाटीवर नसते. शेताचा म्हणावा, तर शेजारी बांध बोटभरही सरकू देत नाही. विस्तार ज्ञानाचा, पण हे कळायला शब्दाचा माग काढत बरेच लांब जावे लागते.

१८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने, विद्यापीठात येऊ न शकणाऱ्यांसाठी गावोगावी व्याख्याने सुरू केली. त्या उपक्रमाला नाव पडले ‘युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन’. एक्स्टेन्शनच्या पोटातला लॅटिन धातू म्हणजे ताणणे, आपल्या ‘तन्’चा भाऊबंद, तंतू, तान, ताणणे ही त्याच घरची मंडळी. दोरी कितीही ताणली तरी तिचे एक टोक ताणणाऱ्याच्या हातात राहते, आणि इथे ते विद्यापीठाच्या हातात होते. आपल्या विद्यापीठांनी असल्याच कामाला ‘बहिःशाल शिक्षण’ म्हटले. अर्थाने चोख, पण विसर्गाने धाप लागावी असा शब्द!

केंब्रिजचा शब्द अमेरिकेत जाऊन मातीला लागला. तिथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी कॉलेजे उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्या कॉलेजांतली माहिती गावात नेण्यासाठी केंद्राचा पैसा आला. राज्याने आणि काउंटीने आपला वाटा घालायचा, म्हणून नाव ‘को-ऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन’. आपल्याकडे सहकारी म्हटले की साखर कारखाना आठवतो. तिथे तो तीन सरकारांचा पैशातला सहकार. गावात फिरणारा माणूस ‘काउंटी एजंट’. (विमा विकायला येणारा नव्हे.) ग्रामीण काउंटीतल्या या कार्यालयात आजही मातीचा नमुना तपासणीसाठी देता येतो, मुलांचे ‘फोर-एच’ क्लब चालतात, आणि अनेक ठिकाणी भाज्या-फळे डबाबंद करण्याच्या प्रेशर कॅनरचा दाबमापक तपासून मिळतो.

आता आपला ‘विस्तार’. धातू ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, अंथरणे. विस्तीर्ण, विस्तृत हे त्याचेच. पण पाणिनीने इथे एक बारीक भेद करून ठेवला आहे. वस्तूचे पसरणे तो ‘विस्तार’. शब्दांचे पसरणे तो ‘विस्तर’. अमरकोशातही हा भेद आहे. मराठी तो विसरली असे वाटते, कारण आपण ‘विस्ताराने सांगतो’ आणि ‘विस्तारभयास्तव’ थांबतो. तरी ‘सविस्तर’ लिहिताना मात्र आपण बिनचूक ऱ्हस्व लिहितो. व्याकरण न शिकलेल्या माणसाच्याही तोंडात पाणिनी असा टिकून आहे.

मग शेतकऱ्याला माहिती सांगणारा अधिकारी खरे तर विस्तर अधिकारी नको का? सांगणे हेच काम असेल, तर हो. पण अमेरिकेत या कामाचा पाया घालणाऱ्या सीमन नॅप यांचा नुसत्या सांगण्यावर विश्वास नव्हता. सरकारी नमुना-शेत पाहून शेतकरी म्हणतो, सरकारकडे पैसा आहे, त्यांना जमते. म्हणून १९०३ मध्ये टेक्सासातल्या टेरेल गावी नॅप यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच जमिनीत नव्या रीतीने शेती करायला लावली. नुकसान झालेच तर भरून देण्यासाठी गावकऱ्यांनी आधीच पैसे बाजूला काढले होते. पोर्टरला तोटा नव्हे, नफा झाला. हे पसरणे बोलण्यातले नव्हते, शेतातले होते. तेव्हा दीर्घ ‘ता’ शोभतो तो इथे.

भारतात २ ऑक्टोबर १९५३ रोजी ‘राष्ट्रीय विस्तार सेवा’ सुरू झाली आणि हा शब्द सरकारी पाटीवर चढला. कृषी विद्यापीठांत ‘विस्तार शिक्षण’ हा विषयच झाला. माझे मत विचाराल तर यापेक्षा ‘शेतीशाळा’ हा शब्द सरस. पिकाच्या हंगामात शेताच्या बांधावरच भरणारे वर्ग त्यात नेमके दिसतात, आणि कशाची शाळा, असे कुणाला विचारावे लागत नाही. विस्तार अधिकाऱ्याला मात्र लोक बहुधा नुसते ‘साहेब’ म्हणतात. तुमच्या गावात त्याला याहून वेगळे, खास नाव असेल, तर जरूर कळवा.