फितीवरून फाइलीत : टाकण्याचा सत्तर वर्षांचा इतिहास

14 एप्रिल 1956 रोजी शिकागो येथे भरलेल्या प्रसारकांच्या अधिवेशनात अँपेक्स या कॅलिफोर्नियातील कंपनीने एक अवाढव्य यंत्र मांडले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखालील ज्या चमूने ते घडवले, त्यात पुढे ध्वनितंत्रामुळे नावारूपाला आलेला तरुण रे डॉल्बीही होता. फीत दोन इंच रुंद, तिच्यावरून आडवे फिरणारे चार हेडांचे चाक, आणि किंमत सुमारे 50,000 डॉलर. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सीबीएसने त्यावर पूर्व किनाऱ्यावरील बातम्या मुद्रित करून तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना दाखवल्या. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. चुंबकीय फितीवरचे चित्रमुद्रण वेळेचा फरक भरून काढण्यासाठी जन्माला आले. फीत महाग असल्यामुळे काम झाले की ती पुसून पुन्हा वापरली जाई. जपणूक हा तिचा हेतू सुरुवातीपासूनच नव्हता. लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट आज संगणकात उतरवताना कोणता फॉरमॅट निवडावा, हा प्रश्न या मूळ हेतूपर्यंत जाऊन भिडतो.

याहून जुना एक धागा 1930 साली बर्लिनमध्ये सापडतो. टेलिफुंकेनच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी चित्रातील ओळी एकाआड एक, दोन फेऱ्यांत दाखवण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. पूर्ण चित्र सेकंदाला पन्नास वेळा पाठवण्याइतकी वाट रुंद नव्हती आणि पंचवीस वेळा पाठवले तर डोळ्यांना लुकलुक जाणवे. म्हणून एका फेरीत विषम ओळी, दुसरीत सम. हेच इंटरलेसिंग. त्याच टेलिफुंकेनमधील वाल्टर ब्रुख यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी पाल ही रंगपद्धती उभी केली. 625 ओळींची ही पद्धती भारताने स्वीकारली आणि 1982 साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडचे दूरचित्रवाणीचे पडदे रंगीत झाले. अमेरिकेत मात्र 525 ओळींची एनटीएससी पद्धती होती. म्हणूनच न्यू जर्सीहून मुलाने पाठवलेली नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट पुण्यातील साध्या व्हीसीआरवर धड लागत नसे. त्यासाठी मल्टिसिस्टिम यंत्र शोधावे लागे.

घरात शिरण्यासाठी फितीला आणखी बरेच काही सोडून द्यावे लागले. 1975 साली सोनीचे बीटामॅक्स आले, 1976 साली जेव्हीसीचे व्हीएचएस. अर्धा इंच रुंदीच्या संथ फितीवर प्रसारणाचा संपूर्ण संकेत मावणे शक्य नव्हते. पाल प्रसारणात उजेड-अंधाराच्या तपशिलाला सुमारे पाच मेगाहर्ट्झ मिळत. व्हीएचएसवर त्यातले जेमतेम तीन उरले. रंगाचा संकेत खालच्या कंप्रतेवर उतरवून, आकसून बसवला गेला. जुन्या कॅसेटमध्ये नवरीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर ओघळलेला दिसतो, त्याचे मूळ या तडजोडीत आहे. तरीही जे उरले ते सलग लहरींच्या रूपात होते. आकड्यांचा व्यवहार अजून घरापर्यंत पोहोचला नव्हता.

आकड्यांची पायाभरणी मात्र चालू होती. 1982 साली सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने 601 क्रमांकाची शिफारस मान्य केली. 13.5 मेगाहर्ट्झ हा नमुने घेण्याचा वेग 525 आणि 625 या दोन्ही ओळपद्धतींना चालणारा होता. प्रत्येक ओळीत 720 नमुने, पालमध्ये 576 दृश्य ओळी. आज कॅसेट उतरवताना संगणकावर 720 बाय 576 हा आकडा दिसतो, तो त्या वाटाघाटींचा वारसा. या मापाने 8 बिटांत, काहीही न दाबता साठवले तर एका तासाला जवळपास 75 जीबी लागतात. त्या काळी हे अशक्यप्राय होते. यावरचा उपाय त्याआधीच कॅन्सस राज्यात तयार झाला होता. बेंगळुरूमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी 1972 साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मची कल्पना नॅशनल सायन्स फाउंडेशनपुढे ठेवली. निधी नाकारला गेला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम तडीस नेले आणि जानेवारी 1974 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चित्राचे छोटे चौकोन करून त्यातील ठळक बदल आणि बारीक बदल वेगळे काढायचे, मग डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल ढोबळ करून टाकायचे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक चित्रफाइलीच्या पोटात हेच गणित किंवा त्याचे भाईबंद बसलेले आहेत.

या गणिताला 1990च्या दशकात एकामागून एक घरे मिळाली आणि प्रत्येक घराची मापे त्या वेळच्या अडचणीने ठरवली. एमपेग-1 हे सीडीच्या वाचनवेगात बसवले गेले. त्यावर 1993 साली व्हीसीडी उभी राहिली. पालसाठी तिचे चित्र 352 बाय 288, म्हणजे आडवे निम्मे आणि उभेही निम्मे. कॅसेटवर सेकंदाला पन्नास वेळा टिपलेली हालचाल पंचवीसवर आली. ज्या घरांनी लग्नाची कॅसेट व्हीसीडीवर उतरवून घेऊन मूळ फीत फेकून दिली, त्यांनी नकळत हा व्यवहार पत्करला. एमपेग-2 आणि 1996 सालची डीव्हीडी अधिक उदार होती, तिने दोन्ही फेऱ्या राखल्या. पण बराच वेळ एकाच तबकडीत कोंबला की करवल्यांच्या गर्दीत चौकोन फुटू लागत. 1995 साली आलेल्या डीव्ही कॅसेटने वेगळा मार्ग धरला. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे दाबायचे, सेकंदाला 25 मेगाबिट, तासाला सुमारे 13 जीबी. घरगुती चित्रफितीवर प्रथमच आकडे आले.

फाइलीची कथा याला समांतर धावते. चित्र दाबण्याची रीत म्हणजे कोडेक, आणि दाबलेले चित्र, आवाज, वेळेच्या खुणा एकत्र ठेवणारा डबा म्हणजे कंटेनर. लोक एमपी4 की एव्हीआय असे विचारतात तेव्हा ते डब्याची चौकशी करत असतात, आतल्या पदार्थाची नव्हे. ॲपलचे क्विकटाइम 1991 चे, मायक्रोसॉफ्टचे एव्हीआय 1992 चे. मूळ एव्हीआय दोन जीबीच्या आसपास अडे, म्हणजे डीव्हीची जेमतेम नऊ मिनिटे. पुढे त्याचा विस्तार झाला. क्विकटाइमच्या रचनेवरून एमपी4 घडले आणि 2003 साली आलेल्या एच.264 ने त्याला फोनपासून दूरचित्रवाणी संचापर्यंत सर्वत्र पोहोचवले. त्याच 2003 मध्ये, फारसा गाजावाजा न होता, मिखाएल नीडरमायर यांनी एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पात एफएफव्ही1 हा कोडेक आणला. तो चित्र लहान करतो, पण उलगडल्यावर प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत देतो. 2013 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राच्या तुकड्यातुकड्याला तपासबेरीज जोडली गेली, त्यामुळे फाइल कुठे बिघडली हे कळते. ऑगस्ट 2021 मध्ये त्याचे तपशील आरएफसी 9043 या खुल्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. 2002 साली सुरू झालेल्या मात्रोश्का, म्हणजे एमकेव्ही, या डब्यालाही ऑक्टोबर 2024 मध्ये आरएफसी 9559 लाभला. इतक्या लांबच्या वाटेवर अभिलेखागारांनी आपलासा केलेला हा जोड साठवणुकीच्या गरजेला सर्वांत जवळचा आहे.

आता आपण आजच्या टेबलापाशी येऊ. व्हीएचएस किंवा तिच्यासारखीच सलग लहरींची हाय8 कॅसेट उतरवायची असेल तर मूळ प्रत एमकेव्हीच्या डब्यात एफएफव्ही1 ने ठेवावी, दोन्ही फेऱ्यांसह, इंटरलेसिंग न मोडता. फेऱ्या जुळवून चित्र सरळ करण्याच्या रीती वर्षागणिक सुधारत आल्या आहेत. आजच्या रीतीचा निकाल मूळ प्रतीत कोरून ठेवण्याचे कारण नाही. अशा प्रतीला तासाला साधारण 30 ते 40 जीबी लागतात, म्हणजे दहा तासांच्या कौटुंबिक कॅसेटी 1 टीबीच्या डिस्कवर निम्म्याहून कमी जागा घेतात. पाहण्यासाठी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी तिच्यापासून एच.264 ची एमपी4 प्रत वेगळी काढावी. डीव्ही कॅसेटचे तसे नाही. तिच्यावर आकडेच आहेत, ते फायरवायर या जोडणीच्या तारेने जसेच्या तसे उतरवावेत. पुन्हा दाबणे किंवा 'वरच्या दर्जात' बदलणे, दोन्ही व्यर्थ.

जुलै 2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. यंत्रे आणि त्यांची हेडे आता जुन्या साठ्यातूनच मिळतात, आणि कोकणातल्या दमट कपाटात फितीवर बुरशी चढते ती वेगळीच. त्यामुळे बहुतेक कॅसेटी एकदाच उतरवल्या जातील. श्रोटर यांच्यापासून व्हीसीडीपर्यंत ज्यांनी चित्रातले काही टाकले, त्यांच्यापुढे अरुंद वाट, महाग फीत किंवा लहान तबकडी होती. आपल्यापुढे यांपैकी काहीच नाही. यानंतर काही हरवले, तर ती तंत्राची मजबुरी म्हणता येणार नाही. ती आपली निवड असेल.