मॉलीची वासरे

१८७६ साली चार्ल्स गुडनाइट सोळाशे गुरे घेऊन टेक्सासमधील पालो ड्युरो या खोल दरीत उतरला. तेथे चरणारे बायसन त्याने आधी हुसकावून लावले, कारण चारा त्याला आपल्या गुरांसाठी हवा होता. माणसे त्याआधीच हुसकली गेली होती. सप्टेंबर १८७४ मध्ये अमेरिकी सैन्याने याच दरीत कोमांची, कायोवा आणि शायान लोकांच्या छावण्या उधळल्या आणि त्यांचे हजारावर घोडे मारून टाकले.

या ओसाड मुलखात १८७७ मध्ये गुडनाइटची पत्नी मेरी ॲन ऊर्फ मॉली राहायला आली. ती पूर्वाश्रमीची शिक्षिका. शेजारीण भेटायची तर मैलोनमैल जावे लागे. कोणा गुराख्याने आणून दिलेल्या तीन कोंबड्यांशी ती बोलत बसे, अशी आठवण सांगतात. कातड्याच्या व्यापारासाठी तेव्हा बायसनांची सरसकट कत्तल चालू होती आणि आईविना उरलेली वासरे माळावर भटकत. ती वाचवा, असा आग्रह मॉलीने नवऱ्याकडे धरला. १८७८ च्या सुमारास त्याने काही वासरे फास टाकून धरून आणली. त्यांतूनच पुढे दोनशेवर बायसनांचा कळप झाला. १९०२ मध्ये यलोस्टोन उद्यानातील बायसन जवळजवळ संपले, तेव्हा तेथे नेलेले तीन वळू याच कळपातले होते.

इतिहासाने या कळपाला ‘गुडनाइट कळप’ म्हटले आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो चार्ल्स. मॉली १९२६ मध्ये वारली, तो १९२९ मध्ये. त्यांच्यानंतर कळप रोडावत गेला. उरलेले बायसन १९९७ मध्ये टेक्सास सरकारच्या कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात हलवण्यात आले. मूळ वासरे मोजकी असल्याने पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच वीण होत राहिली होती आणि वंश खुंटण्याची वेळ आली होती. अखेर २००३ मध्ये टेड टर्नर यांच्या कळपातील तीन वळू आणावे लागले.

मॉलीचे श्रेय तिला मिळालेच पाहिजे. पण ज्या रँचवर तिने ही वासरे वाढवली, ते रँच बायसनांना हुसकावूनच उभे राहिले होते, हेही त्याच नोंदीत लिहायला हवे. तिने वंश राखला. त्याचा माळ मात्र तिला राखता आला नाही.