एक पाटी, अनेक हात

वाचकहो, मॅट्रिक झालेल्या मास्तराने संगणकाचा इतिहास सांगावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण अक्षराला अक्षर जोडणे हा तर माझाच धंदा, आणि हा इतिहासही त्याचाच आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९६ साली ‘जावा’ ही संगणकभाषा बाजारात आणली. तिच्यातील अक्षरांची माळ एकदा ओवली की बदलत नाही. एक अक्षर वाढवायचे, तर जुनी सारी माळ उतरून नवी करावी लागते. एकेक करीत हजार अक्षरे जोडली, तर नुसत्या नकलेतच ४,९९,५०० अक्षरे पुन्हा लिहावी लागतात! म्हणून ‘स्ट्रिंगबफर’ नावाची पाटी दिली. तिच्यावर पुढे पुढे लिहीत जावे.

पण संगणक एका वेळी अनेक कामे चालवतो. त्या कामांना ‘धागे’ म्हणतात. आम्हा अकोटकरांच्या कापसाच्या मुलखात धागे म्हटले की गुंता आलाच! दोन धागे एकाच पाटीवर लिहू लागले, तर कोणाच्या नावापुढे कोणाचे गुण पडतील, याचा नेम नाही. एका वेळी एकच कसा आत जाईल, याची रीत डाइक्स्ट्रा या डच पंडिताने १९६५ मध्येच मांडली होती. स्ट्रिंगबफरलाही तसेच कुलूप होते. मात्र एकटाच लिहिणारा असला, तरी त्यालाही दरवेळी ते उघडावे-लावावे लागे. म्हणून २००४ साली बिनकुलपाचा, चपळ ‘स्ट्रिंगबिल्डर’ आला. तो एकट्याच्याच हाती शोभतो.

बरे, कुलपानेही सारे साधत नाही. एकाने नाव लिहून हात काढला, की गुण लिहिण्याआधी दुसरा मध्ये शिरू शकतो. कुलूप एकेका कृतीला असते, सबंध ओळीला नव्हे.

यातून तिसरी वाटही आहे. अक्षरांसाठी नव्हे, पण मोठमोठ्या गणितांसाठी ती आपल्या मुलखात चालून झाली आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. त्यात अनेक गणक एकदम राबत. पण प्रत्येकाची स्मृती वेगळी, आणि देवघेव निरोपांनी. सामाईक पाटीच नाही, मग झटापट कशाची?

शाळेचा निकालही आम्ही असाच करतो. प्रत्येक मास्तर आपल्या वर्गाचा कागद वेगळा लिहितो. शेवटी एकच हात ते सारे एकत्र बांधतो. काम लवकर उरकते, आणि कोण्या पोराचा एक गुणही दुसऱ्याच्या नावावर जात नाही. त्या एका गुणावर एखाद्या घरची दिवाळी अवलंबून असते!