‘दगडी मूर्ती’ या दोन शब्दांपलीकडे
मुखेडच्या दशरथेश्वर मंदिराच्या आधारे चित्र-शिल्पकलेची प्राथमिक परिभाषा

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या मुखेड येथील दशरथेश्वर महादेव मंदिर हे मराठवाड्यातील उत्तर चालुक्यकालीन स्थापत्याचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास उभ्या राहिलेल्या या मंदिराच्या बाह्य भिंतीवर नृत्यरत सप्तमातृकांची शिल्पे आहेत. सप्तमातृका बहुधा एकाच शिलापट्टावर ओळीने बसलेल्या आढळतात. त्यांचे नृत्य करणारे रूप हे मुखेडचे वैशिष्ट्य होय.

असे असूनही या प्रकारच्या मंदिरांचे वर्णन बहुतेक वेळा ‘जुने हेमाडपंती देऊळ’ आणि ‘दगडी मूर्ती’ एवढ्यावरच थांबते. या शब्दांतून मूर्ती कोणाची, कशी उभी, तिच्या हातात काय, हे काहीच कळत नाही. मूर्तीची नोंद करताना, ती हरवल्यास शोध घेताना आणि मंदिराची दुरुस्ती करताना ही उणीव महागात पडते. त्यामुळे कलेची प्राथमिक परिभाषा ही केवळ कलावंतांच्या उपयोगाची बाब राहत नाही.

शाळेतील शब्द
राज्याच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असे शब्द गावोगावच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. चित्रकलेचे मूलघटक म्हणून रेषा, आकार, रंग, छटा, पोत व अवकाश शिकवले जातात, तर रचनेची तत्त्वे म्हणून तोल, लय, प्रमाण, विरोध व सुसंवाद. हे सर्व शब्द शिल्पालाही लागू पडतात. फरक इतकाच की, चित्रात छायाप्रकाश रंगाने दाखवावा लागतो, तर शिल्पावर तो प्रत्यक्ष उन्हाने पडतो. म्हणूनच सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम जितके स्पष्ट दिसते, तितके माध्यान्ही दिसत नाही.

चित्राला लांबी व रुंदी ही दोन परिमाणे असतात. शिल्पाला खोली हे तिसरे परिमाण लाभते. जे शिल्प सर्व बाजूंनी घडवलेले असते व ज्याच्याभोवती फिरता येते, ते त्रिमितीय शिल्प. जे पार्श्वभूमीच्या दगडाला जोडलेले राहून पुढे उठून येते, ते उत्थित शिल्प. उठाव कमी असेल तर अल्प उत्थित, अधिक असेल तर उच्च उत्थित. मंदिराच्या भिंतीवरील देवता व सुरसुंदरी सामान्यतः उच्च उत्थित शिल्पात मोडतात, तर वेलबुट्टीचे पट्ट अल्प उत्थित असतात. दगड काढून टाकत आकार साधणे म्हणजे कोरणे. माती वा मेणाचा थर चढवत आकार साधणे म्हणजे घडण.

भिंतीची अंगे
शिल्पाचे स्थान सांगण्यासाठी मंदिराच्या अंगांची नावे माहीत असावी लागतात. देवता जेथे प्रतिष्ठित असते ते गर्भगृह, त्यापुढील अरुंद भाग अंतराळ आणि त्यापुढे मंडप. बाहेरून पाहताना खालचे जोते म्हणजे अधिष्ठान, त्यावरील भिंत म्हणजे मंडोवर आणि माथ्यावरचे शिखर. मंडोवराच्या ज्या मधल्या पट्ट्यात मूर्ती असतात, त्याला जंघा म्हणतात. मूर्तीसाठी केलेला कोनाडा म्हणजे देवकोष्ठ. दाराच्या चौकटीवरील उभ्या कोरीव पट्ट्या म्हणजे द्वारशाखा आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यभागी असलेली लहान प्रतिमा म्हणजे ललाटबिंब. मंदिर मुळात कोणत्या देवतेचे, याचा माग पुष्कळदा ललाटबिंबावरून काढला जातो.

‘हेमाडपंती’ हा शब्दही येथे तपासून घ्यावा लागतो. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मंत्री. चुन्याविना दगडावर दगड बसवून बांधलेल्या प्रत्येक जुन्या मंदिराला त्याचे नाव देण्याची रूढी पडली. परंतु ही बांधणी त्याच्या आधीपासून प्रचलित होती. मुखेडचे मंदिर किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर चालुक्यकाळातील, म्हणजे हेमाद्रीच्या पूर्वीचे. त्यांना सरसकट हेमाडपंती म्हटल्यास शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पुसला जातो.

मूर्ती कशी वाचावी
मूर्तीचे वर्णन स्थितीपासून सुरू करण्याची पद्धत आहे. उभी मूर्ती स्थानक, बसलेली आसनस्थ आणि पहुडलेली शयन. उभे राहण्याचेही प्रकार आहेत. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभी असेल तर समभंग, एका पायावर किंचित भार असेल तर आभंग, मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणी बाक असेल तर त्रिभंग, आणि नृत्यात वा उग्र आवेशात देह अधिक वळलेला असेल तर अतिभंग. चित्रकलेच्या तासाला शिकवली जाणारी ‘लय’ दगडात कशी उतरते, ते त्रिभंग मूर्तीत सहज दिसते.

त्यानंतर हात पाहावेत. तळहात समोर व बोटे वर असतील तर अभयमुद्रा, तळहात समोर व बोटे खाली असतील तर वरदमुद्रा. नृत्यमूर्तीत एक हात छातीवरून हत्तीच्या सोंडेप्रमाणे आडवा येतो, तो गजहस्त. हातातील वस्तूंना आयुधे म्हणतात. त्यांत त्रिशूळ, चक्र यांबरोबर अक्षमाला, कमंडलू, बीजपूरक म्हणजे महाळुंगाचे फळ अशा वस्तूही येतात. आयुधे मोजताना मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून प्रारंभ करून प्रदक्षिणा क्रमाने जाण्याची रीत आहे. येथे उजवा-डावा मूर्तीचा धरायचा, पाहणाऱ्याचा नव्हे.

मस्तकावर केसांचा जटामुकुट, उंच किरीटमुकुट की निमुळता करंडमुकुट, हे नोंदवावे. अलंकारांत कानांतील कुंडले, गळ्यातील ग्रैवेयक, दंडावरील केयूर, कमरेची मेखला व पायांतील नूपुर हे शब्द पुरेसे होतात. पायाशी असलेले वाहन मूर्तीची ओळख पक्की करते.

सात माता
सप्तमातृका ओळखण्याची शास्त्रातील लक्षणे अशी : ब्राह्मीला एकाहून अधिक मुखे व हंस, माहेश्वरीला त्रिशूळ व नंदी, कौमारीला शक्ती हे आयुध व मोर, वैष्णवीला शंख-चक्र व गरुड, वाराहीला वराहमुख, इंद्राणीला वज्र व हत्ती. सातवी चामुंडा. तिच्या देहाचा सांगाडा झालेला, बरगड्या वर आलेल्या, पोट खपाटीला गेलेले आणि वाहनाच्या जागी प्रेत. इतर मातांच्या गोलाईदार देहांशेजारी चामुंडेची कृश आकृती आली की ‘विरोध’ या रचनातत्त्वाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मातांच्या ओळीच्या दोन टोकांना सामान्यतः वीरभद्र व गणेश असतात.

तुकड्यावरून पूर्ण आकृती
प्रमाण या तत्त्वाला शिल्पशास्त्रात ‘ताल’ ही संज्ञा आहे. चेहऱ्याची लांबी, म्हणजे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर, हा एक ताल. तो बारा अंगुळांचा. नवताल मूर्तीची उंची १०८ अंगुळे होते. हे प्रमाण ठाऊक असल्यास उरलेल्या अवयवावरून मूळ मूर्तीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. कंधार परिसरात क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष मिळाले आहेत. केवळ तुकड्यांवरून मूर्तीच्या भव्यतेचा विचार करता येतो, तो अशा प्रमाणशास्त्रामुळेच.

नाव नसेल तर
पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने शिल्प पुरावशेष ठरते. त्याच्या नोंदणीसाठी छायाचित्र व वर्णन आवश्यक असते. त्या वर्णनात काय लिहिले जाते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘नाचणाऱ्या बाईची दगडी मूर्ती, उंची अंदाजे दोन फूट’ ही नोंद शेकडो मूर्तींना लागू पडेल. याउलट ‘चामुंडा, नृत्यरत, अतिभंग, चतुर्भुज, उजवा खालचा हात भग्न, पायाशी प्रेत, जंघेवरील देवकोष्ठात, उच्च उत्थित’ ही नोंद त्या एकाच मूर्तीची ओळख ठरते.

जीर्णोद्धारातही हीच अडचण येते. ललाटबिंब कोणते, हे ठाऊक नसेल तर ती शिळा पायरीत बसवली जाते. आयुधे ओळखली नाहीत तर तैलरंगाच्या थराखाली ती कायमची झाकली जातात. पारावर ठेवलेल्या शिळेवर खाली युद्ध, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा व वर शिवलिंगाची पूजा असे टप्पे असतील तर तो वीरगळ असतो. काकणे भरलेला, कोपरात वळलेला हात असेल तर ती सतीशिळा. ही दोन नावे माहीत नसलेल्या गावात त्या शिळांचा वापर धुणे धुण्यासाठी होण्यास वेळ लागत नाही.

प्रारंभ कोठून करावा
मराठीत या विषयाची साधने उपलब्ध आहेत. नी. पु. जोशी यांचे ‘भारतीय मूर्तिशास्त्र’ आणि महाराष्ट्रातील मंदिरांचे ज्येष्ठ अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांची ‘शिवमूर्तये नमः’ व ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’ ही पुस्तके जिज्ञासूंना उपयुक्त ठरतात. मराठी विश्वकोशातील कलाविषयक नोंदीही संगणकावर वाचता येतात.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी मात्र वही, पेन्सिल व मोजपट्टी पुरेशी आहे. मंदिराला प्रदक्षिणा घालताना एका वेळी एकच मूर्ती निवडावी. प्रथम तिचे रेखाटन करावे, नंतर स्थान, स्थिती, हात, आयुधे, मुकुट, अलंकार, वाहन व भग्न भाग या क्रमाने आठ ओळी लिहाव्यात. जे ओळखता येत नाही, तेथे तर्काने नाव न देता जागा कोरी ठेवावी. मूर्तीला स्पर्श करणे, खडूने रेषा उठवणे वा पाणी ओतणे कटाक्षाने टाळावे.

एका शाळेच्या एका वर्गाने वर्षभर हा उपक्रम केल्यास मंदिराची सचित्र नोंदवही गावातच तयार होऊ शकते. पुढे एखादे देवकोष्ठ रिकामे आढळले, तर तेथे कोण होते हे सांगणारा कागद गावाच्या हाती असेल.