नारू

नारू हा ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या गोलकृमीमुळे होणारा परजीवी रोग असून, कृमीची डिंभके (अळीरूप अवस्था) ज्यांच्या शरीरात असतात असे सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म कवचधारी जलजीव पिण्याच्या पाण्यातून पोटात गेल्याने तो जडतो. आतड्याची भित्ती भेदून बाहेर पडलेल्या डिंभकांपैकी मादी सुमारे वर्षभरात जवळजवळ एक मीटर लांब वाढते आणि बहुधा पायावर दाहक फोड आणून बाहेर येते. दाह शमवण्यासाठी रुग्णाने पाय पाण्यात बुडवताच ती असंख्य डिंभके सोडते व संसर्गाचे चक्र पूर्ण होते. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यातील ज्या अवर्षणग्रस्त गावांत बारवेत उतरून पाणी भरले जाई, तेथे या चक्राला पोषक परिस्थिती होती. जखम चिघळून रुग्ण कित्येक आठवडे अंथरुणाला खिळत असल्याने कष्टकरी कुटुंबाची मजुरीही बुडे. रोगावर औषध वा लस नसल्यामुळे कृमी काडीवर गुंडाळून हळूहळू बाहेर काढतात. महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवलेल्या निर्मूलन कार्यक्रमात पाणी कापडाने गाळणे, हातपंप बसवणे आणि बारवांच्या पायऱ्या बंद करणे यांवर भर होता. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त घोषित केला. शुद्ध पाणी व लोकशिक्षणाच्या बळावर मिळालेले हे यश सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मोलाचे आहे.