पाण्याची पारख

मी १९७४ साली लग्न होऊन कळंबला आले. त्याच वर्षी संसदेने जलप्रदूषणाचा कायदा केला. अर्थात त्या वेळी मला त्याचा पत्ता नव्हता आणि आमच्या पोशीर नदीलाही नव्हता. पाणी पारखायची आमची रीत सासूबाईंनी शिकवलेली. तूरडाळ लवकर शिजली तर पाणी चांगले. साबणाला फेस आला तर हलके. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आणि जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्याने गाळायचे. उन्हाळ्यात धार आटली की नदीच्या वाळूत हातभर डवरा खणायचा, पहिले पाणी उपसून टाकायचे आणि मग झिरपून येईल ते वाटीवाटीने हंड्यात भरायचे. ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बायकांना कुठल्या वळणावरचा डवरा गोडा हे तोंडपाठ असे.

मंडळी, ही रीत अडाणी होती असे मला वाटत नाही. वाळूतून गाळलेले पाणी धारेतल्या पाण्यापेक्षा बरे, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण डोळ्यांना आणि जिभेला पटकी दिसत नाही, कावीळ दिसत नाही. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगड नाल्याची घाण यमुनेत उलटी फिरून वजीराबादच्या पाणी उपशापाशी पोचली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाणी शुद्धीकरण केंद्रातून गेलेले होते, दिसायला स्वच्छ होते. पुढे १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. तीच आजची ‘नीरी’.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारी, रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण नदीची परीक्षा कशी घेतात हे वाचताना एक गंमत सापडली. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. किती संपला ते मोजले की घाण किती ते कळते. या मापाला ‘बीओडी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात हे माप मान्य केले आणि नमुना पाच दिवस ठेवायचे ठरले. पाचच का? तर तिकडच्या नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पाच दिवसांत पोचते म्हणून, असे सांगतात. म्हणजे जगभर वापरलेल्या या फूटपट्टीत इंग्लंडच्या नद्या दडलेल्या आहेत! आपल्याकडे हवा उष्ण, जिवाणू चटपटीत, म्हणून आपण २७ अंशांवर तीनच दिवस ठेवतो. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. तेवढ्याच घाणीने आपली नदी लवकर गुदमरते.

महाराष्ट्राने या बाबतीत दिल्लीची वाट पाहिली नाही. राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ चा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० चे. पुढे केंद्रीय मंडळाने पाण्याचे वर्ग पाडले ते उपयोगावरून. नुसते जंतू मारून पिता येईल ते ‘अ’, आंघोळीला चालेल ते ‘ब’, रीतसर शुद्धीकरण करून पिता येईल ते ‘क’, मासे-जनावरांसाठी ‘ड’, शेतीसाठी ‘इ’. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि प्राणवायू ५ च्या खाली नको. वर्गात मुलांना तुकड्या पाडाव्यात तसे हे. पण उपयोग कोणाचा, हे आधी ठरते. म्हणून नदीची नियमित तपासणी मुख्यतः जिथे शहर पाणी उचलते किंवा कारखाना पाणी सोडतो तिथे होते.

आमच्या तालुक्याची मोठी नदी उल्हास. बदलापूर, अंबरनाथपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लोक तिचे पाणी पितात. ती उन्हाळ्यात वाहती दिसते त्याचे कारण घाटावर आहे. टाटांनी आंध्रा नदीला ठोकरवाडीला धरण बांधले आणि १९२२ पासून ते पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरते. वीज करून झाली की ते पेज नदीत आणि तिथून उल्हासात. राजनाल्यावरचे उन्हाळी भातही त्याच पाण्यावर. भीमेच्या खोऱ्यातले पाणी कल्याणकर मे महिन्यात पितात, हे किती जणांना ठाऊक असेल? मला इथेच अडखळायला होते. गटार तेवढेच राहिले आणि वरून पाणी जास्त आले तरी आकडा चांगला येतो. वीजघर काही दिवस थांबले तर तीच नदी नापास. मग परीक्षा नदीची झाली की भिवपुरीची?

पोशीरला असे उसने पाणी नाही. पावसात ती दोन्ही काठ खाते, एप्रिलमध्ये डोहाडोहांत तुटते. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांसाठी हिरवे, पिवळे, लाल कार्ड मिळते, आणि ही योजना चांगली आहे. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) गावोगावच्या पाच बायकांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले, तेही चांगले. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ साली बाटलीत पाणी काळे पडले की दूषित अशी स्वस्त चाचणी काढली, ती तर मला फारच आवडते. आकडे न वाचता येणारी बाईसुद्धा निकाल वाचू शकते. पण कार्ड आहे ते विहिरीला आणि नळाला. जिथे गुरे बसतात, कपडे धुतले जातात, पोरे डुंबतात, त्या डोहाला कार्ड नाही.

आता पोशीरचे नाव एकदम मोठ्या कागदांवर आले आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशीर आणि शिलार ही कर्जत तालुक्यातली दोन धरणे मंजूर केली, महामुंबईच्या शहरांसाठी. पोशीरचा साठा सुमारे १२ अब्ज घनफूट. शहरांना पाणी लागते हे मला मान्य आहे. माझीही मुले तिकडेच राहतात, तेच पाणी पितात. तिथल्या पाण्याचा नमुना नेमाने घेतला जाईल, त्याची मला काळजी नाही. ग्रामसभेसाठी मी वहीत दोनच ओळी लिहून ठेवल्या आहेत. धरणाखालच्या नदीत मे महिन्यात किती पाणी सोडणार? आणि खालच्या डोहातली बाटली कोण, कुठे, किती दिवसांनी भरणार?